सव्वासहाचं खातं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही धाकटीनं दिली. जाताना म्हणाली, "ताई, आता तुझी बडबड ऐकायला मी नसणार. हिला सांगत जा." तिच्या लग्नाला सतरा दिवस झाले. सतरा दिवस वही कपाटावर पडून होती. आज काढली, कारण आज सांगण्यासारखं घडलं आणि सांगायला कुणी नव्हतं.

मला चाचणी विभागातून काढून नव्या टीममध्ये टाकलं. "काढून" म्हटलं की वाईट वाटतं; कागदावर "बढती" लिहिलंय. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर, आता मी स्वतः काहीतरी लिहिणार आणि माझ्या चुका दुसरं कुणीतरी शोधणार. टीमचा प्रमुख माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत, दिवसभर कानांवर हेडफोन. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मौनी ठेवलंय.

घरी येऊन भात लावला. दोघींचा लावला. उरलेला उद्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम समजलं. धाकटीला फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली, "ताई, नंतर करू? इथं सगळे बसलेत." म्हणून इथं सांगते.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटच्या दारात उभा केलेला वॉचमन. बाहेरून कोण काय मागतंय ते त्याला दिसतं, आतून काय उत्तर आलं ते दिसतं. घरात मात्र त्याला जाता येत नाही. कुणी लॉगिन करायला आलं, तर तो माणूस आत गेला की दारातूनच परत फिरला? कुणी नवं खातं उघडायला आलं, तर ते उघडलं की "हा नंबर आधीच नोंदवलेला आहे" म्हणून अडलं? हे त्याला कुणी सांगत नाही. उत्तर बघून ओळखावं लागतं. तेच ओळखायचे नियम मी लिहायचे. एकाच खात्यावर सारखे सारखे पासवर्ड फसताना दिसले, तर दुसरंच कुणी कुलूप उघडायला बघतंय असं समजून आम्ही ते खातं बंद करायला सांगतो.

सोपं वाटतं ना? गंमत अशी की प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा येतो. दोनशे म्हणजे "ठीक". पण कितीतरी साइट पासवर्ड चुकला तरी दोनशेच पाठवतात. "तुमचा पासवर्ड चुकला" हे सांगणारं पान नीट पोचलं, एवढंच त्यांचं "ठीक". मग पानावरचे शब्द वाचावे लागतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला नियम लिहिला. एका डायलिसिस केंद्राची साइट आहे. किडनी निकामी झालेल्यांना आठवड्यातून तीनदा तिथं चार-चार तास खुर्चीत बसून रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. आपली पाळी आदल्या दिवशी साइटवर जाऊन पक्की करायची, नाहीतर खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला मिळते. साइट सगळ्यालाच दोनशे म्हणते. म्हणून मी नियम लिहिला: उत्तरात "पासवर्ड चुकीचा आहे" हे शब्द सापडले, की लॉगिन फसलं. सात दिवसांत पाच वेळा फसलं, की खातं बंद. मग मदत कक्षाला फोन केल्याशिवाय उघडायचं नाही.

नियम तपासायला मौनींकडे गेला. त्यांनी एक कान उघडा केला, वाचलं, आणि म्हणाले, "शब्द बदलतात. पुढचं पान कुठलं उघडलं तेही बघा."

मी म्हटलं, "बघते." बघितलं नाही. बावीस वर्षांत एवढं तर मला कळतं. नव्या माणसाला दोन शब्द सुनावल्याशिवाय काहींना चहा गोड लागत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल नियम सुरू झाला. मी आता सकाळी सहालाच ऑफिसात येते. घरी पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. रिकाम्या ऑफिसात पंख्यांचा आवाज असतो आणि नोंदी वर सरकत असतात. कुणाची नावं दिसत नाहीत, खात्याचा सांकेतिक नंबर, वयोगट आणि वेळ फक्त.

एक खातं काल सव्वासहाला आलं. आजही सव्वासहाला. एक मिनिट इकडे नाही, एक तिकडे नाही. मागच्या नोंदी चाळल्या: बाकीचे बहुतेक लोक आठवड्यातून तीनदा येतात, पाळी पक्की करतात, जातात. हे रोजचं. मला वाटतं, एखादे निवृत्त गृहस्थ असावेत. फिरून आले, बूट काढले, चष्मा लावला, की पहिलं हे काम. इस्त्रीचे कपडे. फार बोलणारे नाहीत.

मी त्यांना सव्वासहा म्हणते. आज ते आल्यावर मी चहा प्यायला उठले. म्हणजे तसं ठरवलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहायला हात शिवशिवतोय!

चार-पाच दिवस केंद्राच्या साइटवर फसलेली लॉगिनं वाढत होती. आज कॅप्टननं आलेख काढला: तिप्पट. आणि सगळी साठीच्या वरच्या रुग्णांची खाती. तो माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, हा हल्ला आहे. म्हाताऱ्या माणसांची खाती कुणीतरी हेरून फोडायला बघतंय, आणि तुमच्या नियमानं त्याला दारातच धरलंय. अकरा खाती वेळेत बंद झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या! चाचणी विभागात बावीस वर्षं काढली, कुणी कधी टाळी वाजवली नाही. चूक दाखवली की तोंड वाकडं करायचे.

येत्या सोमवारी कॅप्टन हे मोठ्या साहेबांपुढे मांडणार आहे. त्यात माझं नाव.

धाकटीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझी खोली तशीच आहे ना गं?" मी म्हटलं, "तशीच कशाला ठेवू? तिथं कपडे वाळत घालते, ऊन छान येतं." ती हसली. मग म्हणाली, बरं, ठेवते. लग्न झालं की माणसांना वेळ नसतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे कसं लिहू?

सव्वासहा येईनासे झाले. गडबडीत मला आधी कळलंच नाही. आज सकाळी चहाला उठायची वेळ झाली आणि लक्षात आलं की कुणी आलेलंच नाही. मागे जाऊन पाहिलं. त्यांचं खातं बंद झालेल्या अकरांपैकी एक. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी दार वाजवलंय. "पासवर्ड अनेकदा चुकवल्यामुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे" हे उत्तर मिळालंय. त्यानंतर काही नाही.

त्यांचीही पाच फसलेली लॉगिनं नोंदीत आहेत. वीस तारखेपासून चोवीसपर्यंत, रोज एक, सव्वासहाला. मी ती उघडली. प्रत्येक "फसलेल्या" लॉगिननंतर त्याच माणसानं पाळीचं पान उघडलंय. मग कोण कुठल्या खुर्चीवर त्या यादीचं. मग पंधरा-वीस मिनिटं तिथंच. ती पानं लॉगिन झाल्याशिवाय उघडतच नाहीत. ज्याचा पासवर्ड चुकला तो आत जाऊन वीस मिनिटं बसेल कसा?

केंद्राच्या आतल्या पानाचा मजकूर काढून पाहिला. वीस तारखेला कुणीतरी साठीच्या वरच्या रुग्णांसाठी स्वागताच्या पानावर सूचना टाकलीय. चांगल्या हेतूनंच टाकली असणार: "पासवर्ड चुकीचा आहे असे येत असल्यास मदत कक्षाला फोन करा."

पासवर्ड चुकीचा आहे. माझेच तीन शब्द. माझा नियम ते वाचतो आणि सांगतो, फसलं.

हल्ला नाहीच. कुणी चोर नाही. म्हातारी माणसं आपापल्या बरोबर पासवर्डनं आपापल्या घरात शिरत होती.

कॅप्टनकडे जायला उठले. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सोमवारी बघाच तुम्ही, आमच्या मॅडमनी काय केलंय ते." मी पाण्याच्या यंत्राशी गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

सूचना दाखवली तरी लॉगिन पास धरावं, एवढी दुरुस्ती गुपचूप करून टाकली. यापुढे आणखी कुणाचं खातं बंद होणार नाही. बंद झालेली अकरा उघडायची तर कारण लिहावं लागतं, आणि कॅप्टनची सही लागते.

२ मार्च, रविवार

काल आणि आज घरी. सोमवारी मांडणी झाल्यावर सांगेन. दोन दिवसांनी काय बिघडणार आहे? मदत कक्षाला फोन केला की खातं उघडतंच. त्यांनी केलाच असेल. मी त्यांच्या जागी असते तर पहिला फोन तोच केला असता.

हे मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

४ मार्च, मंगळवार

काल मांडणी झाली. मोठ्या साहेबांनी हात मिळवला. त्यांचा हात थंड होता, माझा ओला.

आज सकाळी कॅप्टन आल्या आल्या त्याच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यानं दार लावलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "शुक्रवारी," मी म्हटलं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. "मॅडम, काल मी सगळ्यांपुढे उभा राहून बोललो," एवढंच म्हणाला. मग अकराही खाती उघडायला लावली, केंद्राला पत्र लिहिलं. पत्र मी वाचलं. "देखभालीच्या कामामुळे काही रुग्णांची तात्पुरती गैरसोय झाली."

मी म्हटलं, "त्या लोकांना कळायला हवं की त्यांची चूक नव्हती."

"कायदेशीर बाबी असतात. आपण लिहून काही द्यायचं नाही. कुणालाच नाही."

बाहेर आले तर मौनी हेडफोन काढून उभे. "मीही तपासला होता तो नियम. कॅप्टनला तसं सांगतो," म्हणाले, आणि खरंच आत गेले. हा माणूस विचित्रच आहे. स्वतःहून कोण असं गळ्यात घेतं?

६ मार्च, गुरुवार

आज केंद्रावर पाठवलं होतं, तिथल्या संगणकांवरून लॉगिन नीट होतंय ना हे बघायला. कुणी विचारलं तर "देखभाल" म्हणायचं, अशी ताकीद.

लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना निळ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी फ्रिजएवढं यंत्र. यंत्रावर एक चाक संथ फिरत असतं आणि नळीतून रक्त जाताना दिसतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मोठ्या नर्सबाई धिप्पाड, चालताना चपला वाजतात. लॉगिन तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काय हो, तुमच्या त्या देखभालीत आमची एक आजी गेली असती."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सात नंबरच्या खुर्चीवरच्या. कधी एक पाळी चुकवत नाहीत. गेल्या गुरुवारी पाळी पक्की केली नाही म्हणून मी स्वतः फोन केला. तर म्हणतात, पाहुणे आलेत, या वेळी राहू दे. शनिवारी फोन केला, तर म्हणे मुलाकडे आलेय, तिथं करून घेते. सोमवारी पहाटे त्यांनीच अॅम्ब्युलन्स बोलावली. छातीत पाणी. तीन दिवस दवाखान्यात होत्या. कसले पाहुणे आणि कसलं काय! एकट्या राहतात. घड्याळ लावून घ्यावं अशी बाई, रोज सव्वासहाला आमची साइट उघडून बसते."

शनिवारी. मला शुक्रवारी कळलं होतं.

मी सात नंबरच्या खुर्चीशी गेले. बारीकशी बाई, केस कापलेले, अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चादर. इस्त्रीचे कपडे मात्र खरेच होते. जवळ स्टूल होतं, त्यावर बसले. संगणकाचं काम बघायला आलेय म्हटलं. त्या लगेच म्हणाल्या, "मग माझ्यामुळे आलीस का? माझा पासवर्ड चुकला म्हणून?"

"तुम्ही फोन का नाही केला मदत कक्षाला?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नर्सबाई लांब होत्या. "तुला सांगते, तू परकी आहेस म्हणून. मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सहाशे नंबर तोंडपाठ. आवाजावरून ओळखायचे, कुणाला कुठे जोडून द्यायचं ते. आणि त्या दिवशी स्क्रीनवर आलं, अनेकदा चुकवलात. अनेकदा! म्हणजे मी रोज चुकत होते आणि मला कळतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला, एकेक अक्षर बोट ठेवून. तेच. मग म्हटलं, झालं. सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"माझ्या आईचं झालं होतं ते. शेवटी मला ओळखत नव्हती." त्या यंत्राच्या चाकाकडे बघत होत्या. "मदत कक्षाला फोन केला की ते केंद्राला सांगणार, केंद्र मुलाला सांगणार. मुलगा तर वाटच बघतोय. आई, एकटी राहू नकोस. वाईट नाही तो. पण तिथं गेले की मी त्यांच्या घरातली एक वस्तू. म्हणून गप्प बसले. म्हटलं, आठवेल चार दिवसांत."

त्याच पुढे म्हणाल्या, "रोज बघायची गरज नसते, मला ठाऊक आहे. पण सकाळी उठून कुणाला काही विचारायचं नसतं घरात. म्हणून बघते, आपली खुर्ची आहे ना जागेवर. शेजारी कोण आहे. आठ नंबरचे मास्तर आहेत का."

तेव्हा मी सांगितलं. देखभाल-बिखभाल काही म्हटलं नाही. "तुम्ही चुकला नव्हतात. पासवर्ड बरोबर होता. रोज. यंत्रानं चुकीचं वाचलं, आणि ते वाचायचा नियम मी लिहिला होता." आणि शुक्रवारचंही सांगितलं. तेही सांगायलाच हवं होतं.

रागावतील, नर्सला हाक मारतील असं वाटलं. त्यांचा मोकळा हात चादरीवर उघडला आणि मिटला.

"रोज बरोबर होता?"

"रोज."

"सगळी अक्षरं?"

"सगळी."

चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली त्यांनी. मग म्हणाल्या, "मग तसं लिहून दे मला. मुलाला दाखवायला. तोंडी सांगितलं तर म्हणेल, आईनंच रचलं."

नर्सबाईंकडून कागद मागून घेतला. हातानं लिहिलं. "आपण २० ते २४ फेब्रुवारी या काळात रोज टाकलेला पासवर्ड बरोबर होता. तो चुकीचा ठरवणारा नियम मी लिहिला होता. चूक माझी आहे. आपल्या स्मरणशक्तीचा याच्याशी काही संबंध नाही." खाली पूर्ण नाव, कंपनी, हुद्दा, फोन नंबर.

नर्सबाईंनी तो खांद्यावरून वाचला. मी निघाले तेव्हा त्या यादी समोर घेऊन बाकीच्या दहा जणांना फोन लावत होत्या, आणि पहिलंच वाक्य ऐकू आलं, "आजोबा, तुमचं काही चुकलेलं नव्हतं बरं का."

७ मार्च, शुक्रवार

काल घरी आल्यावर धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं, शुक्रवारसकट. त्या बाईंनी पाहुणे आलेत म्हणून खोटं सांगितलं, इथपर्यंत आले आणि धाकटी रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, माणूस सांगू शकत नाही गं. सगळं बरं आहे असंच सांगतो." मी म्हटलं, अगं, आता त्या बऱ्या आहेत. तरी ती थांबेना. लहानपणापासून अशीच, दुसऱ्याचं दुःख ऐकवत नाही तिला. रविवारी इकडे येते म्हणाली, एकटीच. म्हटलं, ये.

१२ मार्च, बुधवार

त्या बाईंच्या मुलानं ऑफिसात फोन केला. भांडायला नव्हे. सही खरी आहे का, एवढंच विचारायला. पण कॅप्टनला कागदाचं कळलं ते असं.

"मी सांगितलं होतं, मॅडम."

"हो."

"तरी लिहिलंत."

"हो."

त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. फार तरुण दिसला. "माझी आजीपण विसरते," म्हणाला. मग पुन्हा चष्मा लावून, एक तारखेपासून मी चाचणी विभागात परत, असं सांगितलं. केंद्रानं करार मोडला असता तर नोकरीच गेली असती. तो मोडला नाही, कारण मोठ्या नर्सबाईंनी वर सांगितलं म्हणे की एवढ्या वर्षांत कुठल्याही कंपनीकडून खरं उत्तर पहिल्यांदाच मिळालं.

मौनींनी माझा नियम पुन्हा लिहून घेतला. आता तो शब्दांवर थांबत नाही, पुढचं पान उघडलं का ते बघतो. जाता जाता त्यांनी विचारलं, "चाचणी विभाग कुठल्या मजल्यावर?" मी म्हटलं, तिसऱ्या. त्यांनी मान हलवली, जणू काही महत्त्वाची माहिती मिळाली. कशाला हवी होती कोण जाणे.

रविवारी धाकटी आली होती; तिच्या खोलीतली कपड्यांची दोरी मी आधीच काढून ठेवली.

२२ मार्च, शनिवार

केंद्रावर गेले होते. काम नव्हतं. सात नंबरच्या खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ झोपले होते, तोंड उघडं.

नर्सबाई म्हणाल्या, "मुलगा घेऊन गेला मंगळवारी. पत्र वाचलं त्यानं. आईला म्हणाला, बरं झालं, डोकं शाबूत आहे तुझं. पण चार दिवस तू कुणाला न सांगता मरत होतीस, त्याचं काय? आता खरं सांगायचं तर, त्याचंही चुकलं नाही."

नाही चुकलं. मी थोडा वेळ बाकावर बसले, मग बसमध्ये. घरी जाऊन झोपले. जेवले नाही.

३० मार्च, रविवार

दुपारी चार वाजता लँडलाइनचा अनोळखी नंबर. "ओळखलंस?" मी एका शब्दात ओळखलं. त्या कुजबुजत होत्या.

"सगळे बाहेर गेलेत. ऐक. इथल्या केंद्राचं खातं सुनेनं उघडलं. पासवर्ड तिच्याकडे. मी विचारला तर म्हणते, आई, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेताय, मी बघते ना. चांगली आहे गं पोर. पण मला माझी खुर्ची दिसत नाही."

म्हटलं, तुमच्या मोबाइलवर साइट उघडा. त्यांनी आधीच उघडली होती. आधीच एक उद्योगही करून झाला होता: नवं खातं उघडायला गेल्या, तर "हा नंबर आधीच नोंदवलेला आहे."

"नंबर कुणाचा दिलाय सुनेनं?"

"माझाच दिसतोय."

"मग झालं काम. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय बघा, पासवर्ड विसरलात? ते दाबा."

टकटक काही ऐकू येईना.

"दाबलंत का?"

"मी विसरले नाहीये."

"नाही विसरलात. तुम्हाला कुणी सांगितलाच नाही. पण त्यांच्याकडे त्याचं वेगळं बटण नाही हो, म्हणून हेच दाबायचं."

"लिहिणाऱ्याला सांग तसं."

"सांगेन."

दाबलं. मोबाइलवर सहा आकडे आले, ते त्यांनी एकदाच बघितले आणि न बघता टाकले, हे मला त्यांच्या बोटांच्या आवाजावरूनच कळलं. मग नवा पासवर्ड ठरवायला बराच वेळ घेतला. मी काही सुचवायला गेले तर म्हणाल्या, "गप. हा तुला नाही सांगणार." पुन्हा टकटक. दोनदा. मी उभी राहिले होते, कधी ते कळलं नाही.

"काय आलं? काय लिहिलंय पानावर, वाचा."

त्यांनी घसा साफ केला. कुजबूज गेली. एकोणतीस वर्षं लोकांना जोडून देताना जो आवाज लागला असेल तो लागला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. "स्वागत आहे," त्या म्हणाल्या, आणि मग पानावर होतं तसं आपलं नाव वाचलं, पहिलं, मधलं, शेवटचं, सबंध.